केसपेपर

जुन्या बोगद्याच्या अलीकडे गाडी लावली
तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते.
फोनवर एवढंच कळलं होतं : बैल भाजलाय,
घाटात उभा आहे, पाऊल टाकत नाही.

मी पशुवैद्य. निवृत्तीला सात महिने उरलेत.
या घाटातून रोज जाता, नशीबवान आहात, लोक म्हणतात.
धुकं, कारवी, वळणावरचं भाजलेलं कणीस
आणि माथ्यावरून दिसणारं पुणं,
दिव्यांची रास, दरवर्षी एखादी टेकडी चढून
वर येणारी.
मला गुरं दिसतात. कुणाला लाळ्या-खुरकूत,
कुणाच्या पोटात प्लॅस्टिक.

वळणावर वीसेक पोरं. फेटे, भाड्याचे अंगरखे,
एकाच्या हातात ड्रोनचा रिमोट.
मिरवणुकीआधी व्हिडिओ पाहिजे होता,
रात्रीचा, खऱ्या जागेवरचा.
बारा बैल, चोवीस पलिते.
अकरा बैल दोर तोडून शिंदेवाडीकडे पळाले.
हा राहिला. पाखऱ्या. गेनबा कोंड्यांचा.

गोष्ट आपल्या सगळ्यांनाच पाठ आहे.
लाल महालातला छापा, चवताळलेली छावणी,
सिंहगडाच्या वाटेनं अंधारात विरून गेलेली माणसं
आणि इकडे घाट चढत निघालेल्या मशाली,
बैलांच्या शिंगांना, झाडांच्या फांद्यांना.
फौज उजेडामागे धावली.
भाषेला एक वाक्प्रचार मिळाला,
आमच्या हापिसातही चालतो :
वरच्यांनी या वर्षी बढतीला कात्रजचा घाट दाखवला.
चौथीत मीही टाळ्या वाजवल्या होत्या.
गुरुजींनी जिथं गोष्ट संपवली
तिथं बैल अजून पळत होते.

शिंग म्हणजे नख नाही.
आत हाड असतं, हाडात रक्त,
आणि हाडाची पोकळी थेट कपाळात जाते.
बाहेरून धरलेली आग आत ऐकू येत असावी.
हे कुठल्या पुस्तकात नाही, माझा अंदाज आहे.

तेल डाव्या डोळ्यात उतरलं होतं.
मी पाणी मागितलं. पोरांनी बाटल्या आणल्या.
गेनबांचा नातू हर्षद,
त्यानं काही न बोलता डोक्यावरचा फेटा सोडला,
अकरा हात केशरी कापड,
भिजवून शिंगाभोवती गुंडाळलं, पुन्हा भिजवलं.
रडत नव्हता. नाक तेवढं ओढत होता.
इंजेक्शन दिलं. मलम लावलं. डोळा धुतला.
डोळ्याचं काही सांगता येत नाही, म्हणालो,
आणि मला काय ते माहीत होतं.

गेनबा काठी टेकत वर आले तेव्हा बारा वाजले असतील.
नातवाला मारतील असं वाटलं. मारलं नाही.
बैलाच्या गळ्याखाली हात घालून उभे राहिले.
मग म्हणाले, "आमचं म्हातारं सांगायचं,
तवाचं बैल आमच्याच गोठ्यातलं गेलतं."
घाटाखालच्या प्रत्येक गावात एक घर असं सांगतं.
मी नेहमी मान डोलावतो.
त्या रात्री विचारलं : "परत आले का?"

खालून एक ट्रक गिअर बदलत चढला, गेला.
"आँ?"
"बैल. परत आले का गोठ्यात?"
गेनबा बराच वेळ पाखऱ्याच्या पोळीवरून हात फिरवत राहिले.
"त्ये कुणी सांगितलं न्हाई."

केसपेपर भरला. मालक, गाव, वय सहा वर्षं,
रंग कोसा.
इजेचं कारण या रकान्यात दोन इंच जागा असते.
भाजणे, असं लिहिलं.
मग पेन तसंच टेकलेलं राहिलं,
शाईचा ठिपका मोठा झाला.

बैल हलेना. ओढून पाहिलं, चुचकारून पाहिलं.
पोरांनी मोबाइलचे टॉर्च लावून वाट दाखवली,
माझ्या गाडीचे दिवेही चालूच होते.
तो पाय रोवून, थरथरत.
तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला
(हा शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही).
सगळं बंद करा, म्हणालो. सगळं.

आधी काहीच दिसेना.
मग कड्याची रेघ, मग आभाळ.
मग खुरांचा आवाज,
एक, थांबून दुसरा,
उताराला लागलेला.